विषाणू पेशीला भिडतो तेव्हा : एका संशोधनक्षेत्राची प्रस्तावना

विषाणूजवळ सामान फार थोडे असते. एचआयव्हीकडे जेमतेम नऊ जनुके आहेत. करोना विषाणूचा आरएनए सुमारे 30,000 अक्षरांचा; आरएनए विषाणूंच्या जगात एवढी लांबी म्हणजे चैनच. उलट माणसाच्या जनुकसंचात प्रथिने घडवणारी जनुके 20,000च्या आसपास आहेत. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पेशीत शिरायचे, आपल्या जनुकद्रव्याच्या प्रती काढायच्या, प्रथिने तयार करून घ्यायची, पेशीच्या बचावाला चकवायचे आणि नवे विषाणू बांधून बाहेर पडायचे, तर पावलोपावली पेशीचीच यंत्रणा वापरावी लागते. त्यामुळे विषाणूचे जवळपास प्रत्येक प्रथिन पेशीतल्या कशाला तरी जाऊन भिडते: कुठे पृष्ठभागावरच्या साखरेला, कुठे एखाद्या प्रथिनाला, कुठे थेट रायबोसोमला. ही भिडण्याची जागा अणूंच्या पातळीवर कशी असते, तिथे दोन्ही बाजूंचे कोणते भाग एकमेकांना टेकतात आणि टेकल्यावर कोणाचा आकार कसा बदलतो, याचा शोध घेणारी शाखा म्हणजे विषाणू-यजमान आंतरक्रियांचे संरचनात्मक जीवशास्त्र.

इथली मोजमापे अँगस्ट्रॉममध्ये होतात. एका मिलिमीटरचे एक कोटी भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम. प्रथिनातले शेजारशेजारचे दोन कार्बन अणू साधारण दीड अँगस्ट्रॉमवर असतात. पोलिओचा अख्खा विषाणू 300 अँगस्ट्रॉमचा आणि फ्लूचा 1,000च्या घरातला. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच चार ते सात हजार अँगस्ट्रॉम असल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाची भिंगे कितीही उत्तम असली तरी त्यातून अणू दिसणे शक्य नाही. म्हणून या शाखेची भिस्त पहिल्यापासून क्ष-किरणांवर आणि पुढे इलेक्ट्रॉनांवर राहिली.

सुरुवात झाली ती तंबाखूच्या पानावर चट्टे पाडणाऱ्या विषाणूपासून. वेंडेल स्टॅन्ली यांनी 1935 मध्ये टोबॅको मोझेक विषाणूचे स्फटिक मिळवले, तेव्हा मीठ-साखरेसारखा बाटलीत भरून ठेवता येणारा हा पदार्थ सजीव म्हणायचा की निर्जीव, यावर बराच खल झाला. रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव डीएनएच्या छायाचित्रामुळे सर्वतोमुखी आहे, पण 1953 नंतरची त्यांची वर्षे लंडनच्या बर्कबेक कॉलेजात याच विषाणूवर गेली. त्यांचे सहकारी आरन क्लुग यांना 1982 मध्ये नोबेल मिळाले. क्रिक आणि वॉटसन यांनी 1956 मध्ये एक सरळ हिशेब मांडला होता: विषाणूचे जनुकद्रव्य इतके लहान आहे, की त्यात कवचासाठी ढीगभर वेगवेगळी प्रथिने लिहिलेली असूच शकत नाहीत; एकच प्रथिन पुन्हा पुन्हा रचून कवच बनत असले पाहिजे. ही रचना कोणत्या भूमितीत बसते, ते कॅस्पर आणि क्लुग यांनी 1962 मध्ये दाखवले. अख्ख्या विषाणूची अणुपातळीवरची पहिली रचना 1978 मध्ये स्टीफन हॅरिसन यांच्या गटाने प्रसिद्ध केली, तीही टोमॅटोच्या एका विषाणूची. भारतातले या घराण्यातले काम बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. आर. एन. मूर्ती आणि एच. एस. सावित्री यांनी उभे केले. त्यांनी निवडलेला विषाणू हादग्याच्या झाडावरचा होता. मूर्ती यांची पीएचडीनंतरची, पोस्टडॉकची वर्षे अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात मायकेल रॉसमन यांच्याकडे गेली होती.

या टप्प्यावरचे काम देखणे होते, पण त्यात विषाणू एकटाच होता. कवचाची सममिती गणिताला सोयीची, म्हणून संशोधक तिच्यात रमले आणि पेशी चित्राबाहेर राहिली. पेशी चित्रात आली ती 1985 नंतर. त्या वर्षी रॉसमन यांच्या गटाने सर्दीच्या ऱ्हायनोविषाणूची रचना सोडवली. कवचावर खोल घळया दिसल्या आणि रॉसमन यांनी तर्क केला, की पेशीचा रिसेप्टर, म्हणजे विषाणू पेशीवरच्या ज्या रेणूला धरतो तो, याच घळीत उतरत असावा. प्रतिपिंडे जाडजूड असतात, ती घळीच्या तळापर्यंत पोचत नाहीत. त्यामुळे विषाणूला वरचे काठ बदलत राहून प्रतिपिंडांना हुलकावणी देता येते आणि तळाची, रिसेप्टर धरणारी जागा मात्र जपता येते. हा रिसेप्टर आयकॅम-1 हे प्रथिन आहे हे 1989 मध्ये कळले आणि ते घळीतच बसते हेही पुढे दिसले. प्रतिपिंडांबद्दलचा अर्धा तर्क मात्र पुढच्या मोजणीत तितकासा टिकला नाही, कारण काही प्रतिपिंडे घळीत बरीच आत शिरतात असे आढळले. घळीच्या तळाखाली असलेल्या एका पोकळीत रुतून बसणारी औषधेही शोधली गेली. त्यांपैकी प्लेकोनारिल बाजाराच्या दारापर्यंत गेले आणि 2002 मध्ये अमेरिकी नियामकांनी ते नाकारले. रचना हाती आली म्हणजे औषध हाती आले, या भाबड्या समजुतीवर या शाखेतला हा पहिला जाहीर उतारा म्हणता येईल.

तोवर फ्लूच्या विषाणूने त्याहून मोठा धडा दिला होता. त्याच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन काट्यांसारखे उभे असते. अननसातल्या ब्रोमेलेन या एन्झाइमने हे काटे पटलापासून कापून घेता येतात, हे आधीच माहीत होते. अशा कापलेल्या काट्याची रचना 1981 मध्ये इयन विल्सन, जॉन स्केहेल आणि डॉन वायली यांनी प्रसिद्ध केली. विल्सन त्या वेळी वायली यांच्या हार्वर्डमधल्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक होते. काट्याच्या टोकाशी एक उथळ खाच असते, तिच्यात पेशीवरची सियालिक आम्ल ही साखर बसते. पक्ष्यांच्या आतड्यातली आणि माणसाच्या श्वासमार्गातली ही साखर पुढच्या साखरेला वेगवेगळ्या कोनात जोडलेली असते, आणि बर्ड फ्लू माणसामाणसांत सहजासहजी का पसरत नाही याचे एक मोठे कारण एवढ्या बारीक फरकात आहे.

पण चिकटणे ही अर्धीच गोष्ट. विषाणू पेशीच्या पोटात ओढला जातो, भोवतालचा पीएच पाचच्या आसपास उतरतो आणि हिमॅग्लुटिनिन आपला आकार पार बदलते. ते कसे, हे 1994 मध्ये वायली-स्केहेल गटाने आम्लात रूपांतरित झालेल्या तुकड्याची रचना सोडवली तेव्हा उलगडले. काट्याच्या पोटात दडलेला एक तेलकट तुकडा 100 अँगस्ट्रॉमहून अधिक अंतर वर फेकला जातो, पेशीच्या पटलात रुततो, आणि मग प्रथिन स्वतःवरच दुमडत दोन्ही पटले जवळ आणून एकमेकांत मिसळवते. काटा पहिल्यापासून उंदराच्या चापासारखा ताणून ठेवलेला असतो; आम्ल लागले की चाप सुटतो. एकदा सुटलेला चाप पुन्हा मागे जात नाही. एबोला, एचआयव्ही, करोना या विषाणूंच्या काट्यांची घडण तपशिलात निराळी असली तरी युक्ती हीच आहे.

‘आधीचे रूप’ आणि ‘नंतरचे रूप’ हा भेद प्रयोगशाळेच्या चार भिंतींतून थेट दवाखान्यात कसा पोचला, हे आरएसव्हीच्या बाबतीत दिसते. तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या या विषाणूची फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली लस 1960च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत मुलांना टोचून पाहिली गेली. लस मिळालेल्या मुलांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार सौम्य होण्याऐवजी बळावला आणि दोन मुले दगावली. त्यानंतर कित्येक दशके या लशीचे नाव काढायला कोणी धजत नव्हते. जेसन मॅक्लेलन यांनी पीएचडी विषाणूंवर केलेली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पीटर क्वाँग यांच्याकडे ते पोस्टडॉक म्हणून आले ते एचआयव्हीवर काम करायला, पण आरएसव्हीवर वर्षानुवर्षे खपलेल्या बार्नी ग्रॅहॅम यांच्याशी गाठ पडली आणि कामाची दिशा बदलली. अडचण अशी, की आरएसव्हीचे एफ प्रथिन वेगळे काढताच आपोआप ‘नंतरच्या’ रूपात उलटत असे. डी25 नावाचे एक अतिशय प्रभावी प्रतिपिंड फक्त ‘आधीच्या’ रूपालाच चिकटते. ते प्रतिपिंड बांधलेल्या अवस्थेत प्रथिनाची रचना 2013 मध्ये सोडवली गेली. त्याच वर्षी पुढचे पाऊल पडले: रचना पाहून नेमकी जागा हेरायची, एका ठिकाणी गंधकाचा बंध घालायचा, आतल्या पोकळ्या जरा मोठ्या अमिनो आम्लांनी भरायच्या आणि प्रथिन ‘आधीच्या’ रूपातच जखडून टाकायचे. माणसाच्या रक्तातली बहुतेक उपयोगी प्रतिपिंडे याच रूपाला ओळखतात. जुन्या लशीतून मात्र नेमकी हीच ओळख हरवलेली होती. या मार्गाने तयार झालेल्या लशींना 2023 मध्ये मान्यता मिळाली, आणि बाळांना टोचले जाणारे निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंड डी25 वरूनच घडवलेले आहे.

हाच धागा करोनापर्यंत येतो. मॅक्लेलन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक असलेल्या नियानशुआंग वांग यांनी मर्स या करोनाच्या नातलग विषाणूच्या स्पाइक (काट्याच्या) प्रथिनात शेजारशेजारच्या दोन जागी प्रोलिन हे ताठर अमिनो आम्ल घालून त्याला ‘आधीच्या’ रूपात रोखले. हे काम 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. जानेवारी 2020च्या दुसऱ्या आठवड्यात नव्या करोना विषाणूचा जनुकक्रम जाहीर झाला, तेव्हा त्यात त्याच जागा शोधायच्या होत्या: क्रमांक 986 आणि 987. स्पाइकची रचना 19 फेब्रुवारीला प्रसिद्धही झाली. फायझर, मॉडर्ना, जॉन्सन आणि नोव्हाव्हॅक्स या लशींत ही दोन प्रोलिने आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या दोन लशींत हा फरक शेजारी ठेवून पाहता येतो: कोविशील्डमध्ये स्पाइक मूळ स्वरूपात आहे, कोवोव्हॅक्समध्ये दोन प्रोलिनांसह. कोविशील्डनेही लोकांचे जीव वाचवले, तेव्हा प्रोलिनांवाचून लस चालतच नाही असे नव्हे. पण इतके सूक्ष्म काम इतक्या झटपट कोट्यवधी दंडांपर्यंत पोचल्याचे दुसरे उदाहरण या शाखेत नाही.

अशी रचना मिळवायची कशी? पूर्वी उत्तर एकच होते: स्फटिक वाढवायचा आणि त्यावर क्ष-किरण सोडायचे. काटे लवचिक, त्यांच्यावर साखरेचे दाट आवरण (करोनाच्या एका स्पाइकवर नायट्रोजनमार्गे साखर जोडण्याच्या 66 जागा असतात), त्यामुळे स्फटिक तयार होताना हमखास घोडे अडायचे. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने ही स्फटिकाची अट काढून टाकली. 2012-13च्या सुमारास इलेक्ट्रॉन थेट टिपणारे कॅमेरे आले आणि चित्र पालटले; ड्युबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना 2017 मध्ये नोबेल मिळाले.

यातला खरा कस लागतो तो नमुना गोठवताना. तीन मिलिमीटर व्यासाची तांब्याची किंवा सोन्याची जाळी, तिच्यावर कार्बनचा पापुद्रा, पापुद्र्याला एक-दोन मायक्रॉनची भोके. जाळी चिमट्यात धरून तिच्यावर प्रथिनाच्या द्रावणाचे साधारण तीन मायक्रोलिटर सोडतात. दोन्ही बाजूंनी टिपकागद दाबून काही सेकंदांत जवळजवळ सगळे पाणी शोषून घेतात. भोकांमध्ये काही दशक नॅनोमीटर जाडीचा पाण्याचा पडदा तेवढा उरतो. तत्क्षणी जाळी द्रवरूप इथेनमध्ये बुडवली जाते, उणे 180 अंश सेल्सिअसच्या आसपास. द्रवरूप नायट्रोजन आणखी थंड असतो, पण त्यात काही बुडवले की भोवती वायूचा थर तयार होतो आणि गोठणे मंदावते. सावकाश गोठलेल्या पाण्यात बर्फाचे स्फटिक होऊन प्रथिन चिरडते. क्षणार्धात गोठलेले पाणी काचेसारखे राहते. पडदा जाड झाला तर चित्र धूसर, फार पातळ झाला तर भोकाच्या मधोमध प्रथिनच नाही. शिवाय पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर प्रथिने आदळतात, उलगडतात किंवा सगळी एकाच कुशीवर चिकटून बसतात. फ्लूचे हिमॅग्लुटिनिन या खोडीसाठी प्रसिद्ध आहे: हजारो प्रतिमा मिळतात, पण सगळ्या एकाच बाजूने काढलेल्या. जाळी तिरकी धरून छायाचित्रण करण्याचा उपाय 2017 मध्ये याच प्रथिनावर पडताळला गेला. कित्येक प्रकल्पांचे महिन्यामागून महिने या एका पायरीवर जातात आणि प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याचे एक वाक्य उरते.

पुढचे काम संगणकाचे. एकेका कणाची प्रतिमा इतकी अस्पष्ट असते, की लाखो कणांच्या प्रतिमा दिशा ओळखून एकमेकींवर रचाव्या लागतात. इथे फसगतीला भरपूर वाव आहे. नुसत्या गोंगाटाच्या हजार प्रतिमा घेऊन त्या आइन्स्टाइनच्या छायाचित्राशी जुळवत गेले आणि सरासरी काढली, तर आइन्स्टाइनचा चेहरा उमटतो. एचआयव्हीच्या काट्याच्या एका वादग्रस्त नकाशाच्या निमित्ताने रिचर्ड हेंडरसन यांनी 2013 मध्ये हा इशारा जाहीरपणे दिला. तेव्हापासून प्रतिमांचे दोन निम्मे गट करून दोन्हींचे नकाशे स्वतंत्रपणे बांधायचे आणि ते कुठवर जुळतात ते तपासायचे, हा शिरस्ता पक्का झाला. तरीही नकाशावर बेतलेले मॉडेल हे अखेर कोणीतरी लावलेला अर्थ असते. रंगीत फितींची गुळगुळीत चित्रे पाहून भारावणाऱ्या नवख्या वाचकाने मूळ नकाशा उघडून पाहण्याची सवय लावून घ्यावी हे बरे.

काट्यांना प्रसिद्धी मिळते, पण आंतरक्रियांचा मोठा पसारा पेशीच्या आत आहे. एचआयव्हीचे जनुकद्रव्य एका शंकूसारख्या कवचात असते. हे कवच सुमारे 250 षट्कोनी आणि नेमक्या 12 पंचकोनी गटांचे बनते. केंद्रकाच्या पटलातले छिद्र या कवचापेक्षा अरुंद असते, म्हणून कवच बाहेरच विरघळत असणार, असे पाठ्यपुस्तके कितीतरी वर्षे सांगत होती. हायडेलबर्गच्या संशोधकांनी 2021 मध्ये गोठवलेल्या पेशींतच पाहिले, तेव्हा जिवंत पेशीतली छिद्रे अपेक्षेपेक्षा मोठी आणि शंकू त्यांतून अखंड आत जाताना आढळला. कवचाच्या पृष्ठभागावरची एक पोकळी वाटेतल्या यजमान प्रथिनांना धरते. आत गेल्यावर त्याच पोकळीत सीपीएसएफ6 हे प्रथिन बसते. लेनाकापाविर हे औषध नेमके याच पोकळीत रुतते. 2024 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या, वर्षातून दोनदा हे इंजेक्शन घेणाऱ्या 2,134 स्त्रियांपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झाली नाही. प्लेकोनारिलची कथा वाचून निराश झालेल्यांनी ही दुसरी बाजूही पाहावी. विषाणूच्या प्रथिनातली जी पोकळी पेशीच्या प्रथिनाला धरण्यासाठी राखून ठेवलेली आहे, ती बदलणे विषाणूला महागात पडते. औषधासाठी अशी जागा शोधणे हे या शाखेचे एक मुख्य काम होऊन बसले आहे.

करोनाचे एनएसपी1 हे प्रथिन आणखी धीट. त्याचे शेपूट रायबोसोमच्या त्या बोगद्यात घुसते जिथून एमआरएनए आत सरकतो. पेशीची स्वतःची प्रथिननिर्मिती थंडावते आणि बचावाची प्रथिने वेळेवर तयार होत नाहीत. विषाणूचे एमआरएनए आपल्या पुढच्या टोकाच्या खास घडीमुळे ही अडवणूक टाळतात. ही रचना 2020 मध्ये दिसली. एचआयव्हीचे व्हिफ प्रथिन मानवी अपोबेक3जी या संरक्षक प्रथिनावर ‘नष्ट करा’ अशी खूण पेशीच्याच यंत्राकडून मारून घेते. व्हिफ 1980च्या दशकापासून माहीत होते, पण दोघांच्या भेटीची रचना मिळायला 2023 उजाडले, आणि तेव्हा दोघांच्या मध्ये आरएनए दुव्यासारखा बसलेला निघाला. तो तिथे असेल, असे फारसे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

महाराष्ट्राला ओळखीचे आजारही या यादीत आहेत. ज्याच्या 2006च्या साथीत घराघरांत सांधे धरून बसलेली माणसे दिसत होती, त्या चिकुनगुन्याचा एमएक्सआरए8 हा रिसेप्टर 2018 मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी दोन गटांनी त्याची विषाणूवर बसलेली रचना दिली: शेजारशेजारच्या काट्यांमधल्या खोबणीत तो शिरतो. गायीच्या याच प्रथिनात 15 अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो आणि तेवढ्याने विषाणू त्याला धरू शकत नाही. डेंगीच्या कवचाची रचना 2002 मध्ये पर्ड्यूमध्ये सोडवली गेली, झिकाची 2016 मध्ये त्याच विद्यापीठात. झिकाच्या शोधनिबंधातले पहिले नाव देविका सिरोही यांचे आहे. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात 2021 मध्ये झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण आढळला. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाने डोके वर काढले, त्याचा विषाणूही डेंगी-झिकाच्याच कुळातला. या कुळातल्या विषाणूंच्या अंगावर ई प्रथिनाच्या 180 प्रती जोडीजोडीने आडव्या निजलेल्या असतात आणि आम्ल लागताच तिघातिघांचे गट करून उभ्या राहतात. डेंगीचे चार प्रकार एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात, की एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याला धरतात पण रोखत नाहीत, उलट त्याला पेशीत शिरायला वाट करून देतात. डेंगीची लस रखडण्यामागचे हे मोठे कारण.

या कामात पोस्टडॉकची वर्षे इतकी निर्णायक का ठरतात, हे विषयाच्या ठेवणीतच आहे. संरचनेचा अभ्यासक बहुधा भौतिकी किंवा रसायनशास्त्राच्या वळणाचा असतो. विषाणूशास्त्रज्ञ पेशी वाढवण्यात आणि रोग समजून घेण्यात मुरलेला. दोन्ही हातांनी काम करणारा माणूस एका पीएचडीत क्वचितच तयार होतो. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची, सहसा तीन ते सहा वर्षांची, कराराची नोकरी. तिच्यात माणूस एक विद्या घेऊन दुसऱ्या विद्येच्या घरी राहायला जातो. पाठ्यवृत्त्यांच्या अटीही हेच सुचवतात. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमच्या पाठ्यवृत्तीत देश बदलावा लागतो आणि पीएचडीच्या विषयापासून लांब जावे लागते. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते, आणि या शाखेत दोन वर्षे म्हणजे बऱ्याचदा प्रथिन नीट तयार होऊन हाती यायलाच पुरतात. तेवढ्यात रचनेची अपेक्षा धरणे अवास्तव आहे.

रोजचे काम बाहेरून वाटते तितके भीतिदायक नसते. जिवंत विषाणूला बहुधा हात लावावाच लागत नाही. जनुकाचा हवा तेवढा तुकडा मानवी मूत्रपिंडापासून निघालेल्या एचईके293 पेशींत घालायचा, त्या फ्लास्कमध्ये हलवत वाढवायच्या, चार-पाच दिवसांनी द्रवात सुटलेले प्रथिन गाळून शुद्ध करायचे. निपाहसारख्या विषाणूला प्रत्यक्ष हाताळायला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या (एनआयव्ही) बीएसएल-4 सारखी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. त्याच्या काट्यावर काम साध्या प्रयोगशाळेत चालते. माशी शिंकते ती दुसरीकडे. तुकडा कुठे कापायचा याच्या वीस-तीस आवृत्त्या करूनही प्रथिन तयार होत नाही, झाले तर गुठळ्या होतात, गुठळ्या टाळल्या तर रिसेप्टरशी बांधले जात नाही. मग बंधाची ताकद मोजायची, एकेक अमिनो आम्ल बदलून ती कुठे तुटते ते पाहायचे, आणि विषाणूशास्त्रज्ञ मित्राला तोच बदल विषाणूत करून पाहायला सांगायचे. ही शेवटची पायरी वगळलेल्या शोधनिबंधात नुसती सुंदर जागा असते, तिचे महत्त्व सिद्ध झालेले नसते. मोठे सूक्ष्मदर्शक सामायिक असतात आणि वेळ आधी मागून घ्यावी लागते. बेंगळुरूत राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या (एनसीबीएस) आवारात राष्ट्रीय क्रायो-ईएम सुविधा आहे; स्फटिकांसाठी इंदूरच्या इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांची स्वतंत्र किरणरेषा आहे. स्पर्धा तीव्र असते. चिकुनगुन्याच्या रिसेप्टरच्या दोन रचना किंवा एनएसपी1 वरचे 2020 मधले निबंध थोड्याच अंतराने आले. ज्याचा निबंध महिनाभर मागे पडला त्याच्या कामाचे मोल शास्त्राच्या दृष्टीने कमी होत नाही, कारण दोन स्वतंत्र रचना जुळणे ही सर्वांत चांगली पडताळणी. नोकरीच्या अर्जात मात्र ते दिसत नाही, आणि हा या व्यवस्थेतला दोष आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या अल्फाफोल्डने 2020 मध्ये प्रथिनांच्या रचनांचे भाकीत एका झटक्यात सोपे केले आणि 2024 मध्ये त्याच्या निर्मात्यांना नोबेल मिळाले. सुटे तुकडे ओळखायला, कापायच्या जागा ठरवायला, नकाशात मॉडेल बसवायला ते आता सर्रास वापरले जाते. पण त्याच्या सार्वजनिक संग्रहात सुरुवातीला विषाणूंची प्रथिने वगळलेली होती. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांच्या जोडीत त्याची भाकिते अजून भरवशाची नाहीत, कारण तिथे उत्क्रांतीच्या लांब इतिहासाची साथ मिळत नाही. एकच अमिनो आम्ल बदलल्याने बंध किती सैल होईल, हेही ते नीट सांगत नाही. आणि विषाणूंच्या बाबतीत प्रश्न बहुधा नेमका तोच असतो.

प्रयोगाची दिशा आता नळीतून पेशीकडे वळली आहे. क्रायो-टोमोग्राफीत अख्खा विषाणू किंवा पेशीचा कापलेला पातळ थर वेगवेगळ्या कोनांतून टिपून त्याचे त्रिमितीय चित्र बांधतात. पेशी जाड असते, म्हणून आयनांच्या झोताने तिला दोन्हीकडून तासून 200 नॅनोमीटरच्या आसपास पातळ करावे लागते. या पद्धतीने 2020 मध्ये करोनाचा स्पाइक विषाणूच्या अंगावर जागच्या जागी पाहिला गेला, तेव्हा त्याच्या देठात तीन बिजागऱ्या आढळल्या. संशोधकांनी त्यांना खुबा, गुडघा आणि घोटा अशी नावे दिली. शुद्ध केलेल्या प्रथिनात हा देठ बहुतेक वेळा कापूनच टाकलेला असे. त्याच वर्षी करोनाबाधित पेशींतल्या दुहेरी पटलाच्या पिशव्यांवर एक छिद्र दिसले. या पिशव्यांत विषाणूचा आरएनए तयार होतो आणि तो बाहेर कुठून येतो हे तोवर गूढ होते. छिद्र विषाणूच्या एनएसपी3 आणि एनएसपी4 या प्रथिनांच्या प्रत्येकी 12 प्रतींचे आहे, इथपर्यंत 2024 मध्ये उलगडा झाला. आरएनए त्यातून कसा सरकतो आणि पेशीची कोणती प्रथिने त्याला हातभार लावतात, यावर सध्या काम चालू आहे.